शामकलाचे चार मणी

माझ्या मनात शंका लवकर येते, हे मी आधीच सांगून टाकतो. दुधातलं पाणी, खतातली माती, काट्याच्या पारड्याखाली दाबलेला अंगठा, सारं मले दुरून दिसते. गावात लोक मले तोंडावर भैयाजी म्हणतात आणि पाठीमागं काय म्हणतात तेबी मले माहीत आहे. म्हणू द्या. शंका घेतली म्हणून माझं कधी नुकसान झालं नव्हतं, या सालच्या रोवणीपर्यंत.

आमच्या घरचा एक रिवाज आहे. रोवणीच्या पहिल्या दिवशी घरची बाई बांधीच्या, म्हणजे धानाच्या वावराच्या, उगवतीकडच्या कोपऱ्यात हळदकुंकू वाहते, आणि धानाची पहिली पाच रोपं आपल्या हातानं चिखलात रोवते. मंग मजुरीच्या बाया उतरतात. तसं रुख्मानं, म्हणजे माझ्या बायकोनं, पाच रोपं रोवली आणि नंतर बायायच्या रांगेत तीबी लागली. चोरखमाऱ्याच्या तलावाचं पाणी भरपूर सुटलं होतं, चिखल चांगला झाला होता. मी बांधीच्या कडेच्या धुऱ्यावर छत्री घेऊन उभा होतो. बाया बोलतात जास्त आणि हात कमी चालवतात, म्हणून उभं राहावं लागते.

दुपारी रुख्मा हात धुवायले वर आली आणि गळ्याले हात लावून तिथंच खाली बसली. डोरलं तुटलं होतं. काळे मणी पोलक्यात अडकून होते, एक वाटी पदरात सापडली, दुसरी गायब. त्या वाट्या माझ्या मायच्या. आत लाख, वरून सोन्याचा पातळ पत्रा, नखानं दाबला तर दबंन असा. वजन काही नाही. पण बाईच्या गळ्यातली वाटी हरवणं म्हणजे काय, हे कोणाले सांगायची गरज नाही. रुख्मा माझ्याकडं पाहेचना.

आठ बायायनं संध्याकाळपर्यंत चिखल चाळला. काही नाही.

घरी येता येता मी रुख्माले विचारलं, सकाळपासून तुझ्या डोरल्याची गोष्ट कोणी काढली का? ती म्हणाली, "सकाळी बांधीत उतरायच्या आधी शामकलाबाई म्हणत होती, वहिनी, धागा घासला हाय, गाठवून घ्या."

झालं. मले जे पाहिजे होतं ते भेटलं. शामकला म्हणजे या बायायच्या टोळीची मुख्य बाई, पन्नाशीची, वीस वर्षांपासून आमच्या बांधीत रोवणी करते. काम एक नंबर. पण मले सांगा, दुसऱ्याच्या गळ्यातला धागा घासला आहे हे इतक्या बारकाईनं कोण पाहते? ज्याची नजर तिथं असंन तोच. आणि दुपारी दोन वेळा ती नाल्याकडं गेली होती, ते मी माझ्या डोळ्यानं पाहिलं होतं.

"तिनं नाही घेतलं," रुख्मा म्हणाली.

"तुले सारं जग साधंच दिसते," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी मी गोंदियाच्या कुडव्याहून छोटेलालले बोलावलं. त्याचं मोटर दुरुस्तीचं दुकान आहे, आणि त्याच्यापाशी धातू शोधायची मशीन आहे. लॉनवर लग्नात कोणाची अंगठी पडली, जमिनीत जुना पाइप दबला, की लोक त्याले नेतात. एक लांब दांडा, खाली ताटाएवढी चकती, वर एक डबा आणि डब्यावर फिरवायचा खटका. तासाच्या हिशेबानं पैसे घेतो. तेव्हाच माझ्या मनात आलं, तासाचे पैसे घेणारा माणूस काम लवकर कायले करंन?

तो म्हणाला, "भैयाजी, पहले उसकी जोडी दो. ती दुसरी वाटी द्या. त्याच्यावर मशीन लावून घेतो."

तिथंच सारं अडलं. आमच्या घरी डोरलं तुटलं की ते हळदीच्या फडक्यात बांधून देवापाशी ठेवतात. पुन्हा गाठवेपर्यंत फडकं सोडायचं नाही, आणि परक्या माणसाच्या हातात तर द्यायचंच नाही. एक वाटी तर आधीच गेली होती. रुख्मानं साफ नाही म्हटलं, आणि मीबी मनात म्हटलं, बरंच झालं. छोटेलालनं ती बदलून दिली तर?

मी माझ्या बोटातली अंगठी काढून दिली. एक तोळ्याची, जाड. "सोनं तर सोनंच ना?" मी म्हटलं.

छोटेलालनं मान हलवली, पण ती हो म्हणून हलवली की नाही म्हणून, ते काही समजलं नाही. अंगठीवर मशीन चांगली जोरात बोलली. मंग बांधीत उतरलो, आणि पाच मिनिटांत माझं डोकं फिरलं. पावलापावलाले मशीन बोले. खणलं की खिळा. खणलं की ट्रॅक्टरच्या चाकाचा लोखंडी तुकडा. खणलं की गोळ्यांच्या पाकिटाची चमकती पन्नी, फवारणीच्या बाटलीच्या तोंडावरची चांदी. रोवलेली रोपं उपटून उपटून आठ बायायची मेहनत वाया जाऊन राहिली होती.

"त्या खटक्याचं काय काम आहे?" मी विचारलं.

"डिस्क्रिमिनेशन. छाटणी समझो. लोहा नको असंन तर तो काटून टाकायचा, मशीन त्याच्यावर बोलत नाही." त्यानं खटका थोडा फिरवला. खिळे गप्प झाले.

"आता पन्नीबी काट."

"पन्नी मत काटो, भैयाजी. बारीक सोनं पन्नीसारखंच बोलते. पन्नी गेली तर तेबी जाईन."

आता पाहा, माझ्या जागी तुम्ही असते तर काय समजले असते? हा तासाचे पैसे घेणारा, पन्नीवर पन्नी खणत बसला तर दिवस निघते. आणि शंभर वेळा वाकणारा माणूस एका वेळेस वाटी उचलून खिशात घालंन, कोणाले दिसंन? मी त्याच्या हातातून डबा घेतला, खटका फिरवत फिरवत पन्नीच्या पुढं नेला. पन्नी गप्प. मंग माझी अंगठी धरली. अंगठी बोलली.

"पाहिलं?" मी म्हटलं. "पन्नी गेली, सोनं राहिलं. मले भैताड समजू नको."

"वो मोटी अंगूठी है," तो म्हणाला.

"चाल पुढं."

सारी बांधी फिरलो. मशीन एकदा बोलली, एक जुना पाच रुपयाचा शिक्का निघाला. बाकी सारं चूप. म्हणजे बांधीत वाटी नाही. बांधीत नाही तर कोणापाशी तरी आहे.

बाजूच्या बांधीत रोवणी चालू होती. मी साऱ्या बायायले धुऱ्यावर बोलावलं आणि रांगेत उभं केलं. हात बाजूले करा म्हटलं. छोटेलाल तयार होईना, "लेडीज लोग हैं, भैयाजी." मंग मीच मशीन हातात घेतली. रुख्मा दुरून "राहू द्या, राहू द्या" म्हणत होती. मी काही राहू दिलं नाही.

सात बाया झाल्या. पायाच्या जोडव्यावर मशीन बोले, दुसरं काही नाही. शेवटची शामकला. तिच्या जोडव्यावर बोलली. कमरेवर बोलली, तशी मी म्हटलं, काढ काय आहे ते. तिनं कमरेची पितळी किल्ली काढून माझ्यासमोर धरली. गळ्यावरून फिरवली, मशीन चूप.

मी मशीन खाली करणार, तेवढ्यात ती म्हणाली, "थांबा, भैयाजी. माझ्या गळ्यातल्या पोतीत चार मणी हायेत सोन्याचे. त्यायच्यावर मशीन काऊन नाही बोलली?"

"पितळाचे असतीन," मी म्हटलं.

"सोन्याचे हायेत. मी सांगून राहिली ना."

"तू सांगशील. मशीन नाही सांगून राहिली."

दोन पोरी तोंडाले पदर लावून हसल्या. छोटेलाल पाठीमागून हळूच म्हणाला, "पीतल तो बजता है, भैयाजी." आता आताच पितळी किल्ली वाजली होती. ते मी ऐकलं, नाही ऐकलं असं नाही. पण मी त्याच्याकडं असं पाहिलं, की तो गप्प झाला.

शामकलानं हातातली रोपं धुऱ्यावर ठेवली, पाटाच्या पाण्यात हात धुतले आणि गेली. एक शब्द नाही बोलली. मी म्हटलं, पाहा, चोराले तोंड नसते.

यानंतर मी कोणाले असं नाही सांगतलं की शामकलाले कामावर बोलवू नका. मी फक्त जे झालं ते सांगतलं. पानठेल्यावर सांगतलं, सेवा सोसायटीत सांगतलं, खताच्या रांगेत सांगतलं. लोकच म्हणाले, बापा, अशी बाई असंन असं वाटलं नव्हतं. रोवणीचं काम म्हणजे सारे वीसेक दिवस. त्याच वीस दिवसांत बायायच्या हाताले काम असते, आणि तेच दिवस शामकला आपल्या दारात बसून राहिली. तिची टोळी दुसरीच बाई चालवू लागली. मी तिच्या घरावरून गेलो की ती माझ्याकडं सरळ पाहे. मले वाटे, किती हिंमत आहे पाहा.

घरी रुख्मा गळ्यात हळदीचा दोरा बांधून फिरे. ताट वाढून देई आणि आत निघून जाई.

बाराव्या दिवशी सकाळी मी पाहिलं, शामकला गोंदियाच्या गाडीत बसली. चांगलं लुगडं, मुठीत रुमाल, रुमालात काहीतरी बांधलेलं. मी मनात म्हटलं, निघाली माल विकायले. गाडी काढली आणि पाठीमागं लागलो. वाटलं, सराफाच्या दुकानातच पकडतो.

ती सराफ्यात गेलीच नाही. कुडव्याच्या ऑटोत बसली आणि थेट छोटेलालच्या दुकानात शिरली.

आता मले सारं उलगडलं. दोघं मिळालेले आहेत. म्हणून तो पन्नी नको काटू म्हणत होता, म्हणून तो पितळाचं मधात बोलला. मी दुकानात घुसलो. टेबलावर पेपर पसरला होता आणि पेपरवर रुमालातला माल होता. काळी पोत, आणि तिच्यात चार पिवळे मणी. दुसरं काही नव्हतं.

"बरं झालं तुम्हीच आले," शामकला म्हणाली. तिले नवल वाटलेलं दिसलं नाही. "छोटेलालभाऊ, यायच्यासमोर दाखव."

छोटेलालनं खटका बरोबर तिथं नेला, जिथं मी त्या दिवशी नेला होता. चकती मण्यांवरून फिरवली. मशीन चूप. मंग त्यानं खटका थोडा पाठीमागं घेतला, पन्नी सोडली. पुन्हा फिरवली. मशीन बोलली. एकदा, दोनदा, तीनदा.

"माझे मणी लाखेवरच्या पत्र्याचे," शामकला म्हणाली. "वहिनीची वाटीबी लाखेवरची. मी घरी बसून हेच सोचून राहिली होती. माझं सोनं खरं हाय हे मले माहीत. मंग मशीन माझ्या सोन्यावर बोलली नाही, तं वहिनीच्या सोन्यावर कशी बोलंन? वाटी बांधीतच हाय, भैयाजी."

हे बाईले सुचलं आणि मले सुचलं नाही, याचा मले राग आला, खोटं कायले बोलू. मी म्हटलं, "दुकानात काहीही वाजते. माझ्या बांधीत वाजवून दाखवा."

"तेच सांगायले आली होती मी. उद्या सकाळी."

घरी येता येता मले पुढचं समजलं. उद्याच्या आत ही बाई वाटी नेऊन चिखलात टाकंन, आणि उद्या तीच सापडली म्हणून ओरडंन. म्हणून मी दिवस निघायच्या आधीच धुऱ्यावर जाऊन बसलो. ती आली तेव्हा सांगतलं, तू बांधीत पाय ठेवायचा नाही.

"नाही ठेवत," ती म्हणाली आणि धुऱ्यावर उभी राहिली. बाजूच्या बांधीत निंदण करणाऱ्या साऱ्या बाया येऊन उभ्या राहिल्या. रुख्माबी आली.

मी छोटेलालच्या पाठीमागं एका पावलावर चाललो, माझी नजर त्याच्या हातावर. वाकायचं मी, उचलायचं मी, असं आधीच ठरवलं होतं. खटका पाठीमागं होता, लोखंड तेवढं काटलेलं. मशीन बोले, मी हात घाली, पन्नी निघे. पुन्हा बोले, पुन्हा पन्नी. गोळ्यांच्या, बियाण्याच्या, कशाकशाच्या. माझ्याच बांधीत मीच फेकलेल्या असतीन. दोन तास झाले, माझी कंबर धरली. शामकला धुऱ्यावर तशीच उभी.

उगवतीकडच्या कोपऱ्यात आलो. तिथं मशीन बोलली. तोच आवाज, पन्नीचा. मी वैतागून हात घातला, वाटीची आशा नव्हतीच, कारण तिथं रुख्मानं रोवलेली पाच रोपं होती आणि तिथं शामकला त्या दिवशी आलीच नव्हती. ती समोरच्या टोकाले रोपांच्या पेंड्या फेकत होती, ते मीच पाहिलं होतं.

रोपासगट चिखल वर आला. पाण्यात धुतला. बुडाशी काहीतरी पिवळं चमकलं.

मी ते बोटानं ओढून पाहिलं, निघेना. वाटीच्या वरच्या कडीतून धानाची मुळं गेली होती. एक नाही, तीन. पांढरी, नवी, कडीतून आत जाऊन दुसरीकडून खाली उतरलेली. मी जन्मभर धान लावून राहिलो. मूळ किती दिवसांत किती वाढते हे मले कोणी शिकवायची गरज नाही. तरी मी तीन वेळा उलटून पाहिलं, की कोणी हातानं तर ओवलं नसंन. असं मूळ हातानं ओवता येत नाही, तुटते. वाटी पहिल्या दिवशीच पडली होती. रुख्मा पहिलं रोप लावायले वाकली तेव्हाच पडली, आणि तिनं स्वतःच नकळत ती रोपाखाली दाबली.

मी ते रोप रुख्माच्या हातात दिलं. तिनं मुळं एक एक करून सोडवली, वाटी कपाळाले लावली आणि रडली. मंग डोळे पुसून शामकलापाशी गेली.

"डोरलं गाठवून आणलं की शेवटची गाठ सवाशिणीनं मारायची असते," ती म्हणाली. "तुम्ही माराल का, बाई?"

"मारीन," शामकला म्हणाली. "पण आधी भैयाजीनं इथं उभं राहावं." तिनं धुऱ्यावरची जागा दाखवली. त्या दिवशी मी तिले जिथं उभं केलं होतं, तीच.

मी गेलो.

"हात बाजूले करा."

मी हात बाजूले केले. तिनं छोटेलालकडून मशीन घेतली, खटका पाहिला आणि फिरवत फिरवत पन्नीच्या पुढं, मी नेला होता त्याच्याहूनबी पुढं नेला. पायापासून सुरुवात केली. गुडघे, कंबर, छाती. मंग उजव्या हातावर आली, बोटातल्या अंगठीवर चकती धरली. एक तोळ्याची अंगठी. मशीन चूप.

"पितळाची दिसते, भैयाजी," ती म्हणाली.

"सोन्याची आहे," मी म्हटलं.

"मशीन नाही सांगून राहिली."

"अवं, मी सांगून राहिलो ना."

शब्द तोंडातून गेला आणि मले समजलं. कोणी हसलं नाही. त्या दिवशी हसलेल्या पोरीबी खाली पाहून राहिल्या होत्या.

"मीबी सांगतलं होतं," शामकला म्हणाली.

मले शरम आली. एवढी कधी आली नव्हती. "शामकला, माझं चुकलं," मी साऱ्यायसमोर म्हटलं. "तू चोरी केली नाही. तुझे मणी सोन्याचे आहेत."

तिनं मशीन छोटेलालले परत दिली. खाली वाकून ते उपटलेलं रोप उचललं, बांधीत उतरली, कोपऱ्यात त्याच्या जागी पुन्हा रोवलं आणि बोटानं चिखल दाबला. मंग वर पाहिलं.

"माझ्यासमोर कायले सांगता," ती म्हणाली. "मले तं माहीतच होतं. जिथं जिथं तुम्ही सांगतलं, तिथं जाऊन सांगा."

मी पाय धुतले नाही. तसाच चिखलाच्या पायानं पानठेल्यावर गेलो.